हा विषय कोणाच्या अखत्यारीतला? सातारा-सांगलीत अर्ज करण्याआधी अधिकारांची वाटणी कशी वाचावी

अर्जाला "सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही" असं उत्तर आलं की माणूस चिडतो आणि साहेबांनी टोलवलं असं धरून चालतो. कधी कधी ती टोलवाटोलवी असतेही. पण पुष्कळदा ते उत्तर खरं असतं. आपल्याकडे कोणत्याही अधिकाऱ्याला, मंत्र्याला किंवा लोकप्रतिनिधीला स्वतःच्या मर्जीचा अधिकार नसतो. राज्यघटनेनं, किंवा घटनेनुसार झालेल्या कायद्यानं जेवढा दिला तेवढाच असतो. तहसीलदारांना बँकेचं कर्ज माफ करता येत नाही, आमदारांना सातबाऱ्यावरचा फेरफार रद्द करता येत नाही, ग्रामपंचायतीला राष्ट्रीय महामार्गाचा दुभाजक फोडता येत नाही. तिथं कितीही हेलपाटे घातले आणि समोरचा माणूस कितीही चांगला असला तरी काम होणार नाही, कारण ते करायचा अधिकारच त्याच्याकडे नाही.

म्हणून कागद लिहायला घेण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं काढावीत. या विषयावर कायदा कोणी केला आहे? तो राबवायचं काम कोणत्या कार्यालयाकडे आहे? आणि राबवणाऱ्यानं चूक केली तर त्यावर निर्णय कोण देतं? घटनेतली अधिकारांची सगळी वाटणी या तीन प्रश्नांत उतरते. ही वाटणी दोन अंगांनी झाली आहे. एक वरून खाली: केंद्र, राज्य, स्थानिक संस्था. दुसरी कामानुसार: कायदे करणारी विधिमंडळं, ते राबवणारं प्रशासन, आणि वाद मिटवणारी न्यायालयं. न्यायपालिका मात्र केंद्राची वेगळी आणि राज्याची वेगळी अशी नाही. वडूज किंवा विट्याच्या न्यायालयात संसदेचा कायदाही चालतो आणि विधिमंडळाचाही.

सातवी अनुसूची उघडून विषय शोधा

घटनेच्या अनुच्छेद २४६ नुसार कायदे करण्याचे विषय तीन सूच्यांत वाटले आहेत आणि त्या सूच्या सातव्या अनुसूचीत आहेत. १९५० साली संघसूचीत ९७, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ नोंदी होत्या. नंतरच्या दुरुस्त्यांमध्ये काही गेल्या, काही 'क', 'ख' अशी अक्षरं लावून आल्या. मूळ क्रमांक मात्र तेच राहिले. त्यामुळे नोंदीचा क्रमांक धरून बोलणं सोयीचं पडतं.

आपल्या दोन जिल्ह्यांत रोज लागणाऱ्या नोंदी फार नाहीत. संघसूचीत रेल्वे (२२), राष्ट्रीय महामार्ग (२३), टपाल आणि दूरध्वनी (३१), बँका (४५), आंतरराज्य नद्या (५६). राज्यसूचीत पोलीस (२), स्थानिक संस्था (५), दवाखाने आणि सार्वजनिक आरोग्य (६), रस्ते-पूल (१३), शेती (१४), पाणी (१७), जमीन (१८), सहकारी संस्था (३२). समवर्ती सूचीत फौजदारी कायदा (१), लग्न-घटस्फोट-वारसा (५), वने (१७क), शिक्षण (२५), वीज (३८), भूसंपादन (४२). शिक्षण आणि वने आधी राज्याकडे होती. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं ती समवर्ती सूचीत गेली. तिन्ही सूच्यांत न सापडणारा विषय अनुच्छेद २४८ प्रमाणे केंद्राचा.

नोंद शेवटपर्यंत वाचावी. इथं सर्रास चूक होते. "पाणी राज्याचं" म्हणून माणूस थांबतो, पण नोंद १७ पुढे सांगते की हा अधिकार संघसूचीतल्या नोंद ५६ च्या अधीन आहे. रस्त्यांची नोंदही तशीच: संघसूचीत नाव घेतलेले मार्ग वगळून बाकीचे राज्याचे. शेवटच्या या अटींमध्येच अर्ध्याअधिक वादांचं उत्तर असतं.

समवर्ती विषयावर संसदेनं आणि विधिमंडळानं दोघांनीही कायदा केला आणि ते एकमेकांशी जुळत नसले, तर अनुच्छेद २५४ प्रमाणे विसंगतीपुरता संसदेचा कायदा चालतो. राज्याचा कायदा राष्ट्रपतींच्या विचारार्थ ठेवून त्याला संमती मिळाली असेल, तर त्या राज्यापुरता तो टिकतो. भूसंपादनाची नोटीस आली की २०१३ च्या केंद्रीय कायद्याची प्रत वाचून थांबू नये, ते याचसाठी. महाराष्ट्राच्या दुरुस्त्या सोबत लावून वाचाव्यात, नाहीतर आपण जी तरतूद दाखवतो ती इथं लागूच नाही असं सुनावणीत कळतं.

कायदा दिल्लीचा, पण दार तालुक्याचं

सूचीत नाव केंद्राचं दिसलं म्हणून अर्ज दिल्लीला पाठवणं ही दुसरी मोठी चूक. कायदा करणं आणि राबवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. समवर्ती विषयांवरचे केंद्राचे बहुतेक कायदे राज्याचं प्रशासनच राबवतं. संसदेनं कायद्यातच तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच केंद्राचे अधिकारी येतात. भारतीय न्याय संहिता संसदेची, पण गुन्हा नोंदवणारं ठाणं राज्याच्या पोलिसांचं. मोटार वाहन कायदा १९८८ संसदेचा, पण एमएच-११, एमएच-५० आणि एमएच-१० देणारी साताऱ्याची, कराडची आणि सांगलीची कार्यालयं राज्याच्या परिवहन विभागाची. अन्न सुरक्षा कायदा २०१३ संसदेचा, शिधापत्रिका मात्र तहसीलच्या पुरवठा शाखेत. याउलट मिरज जंक्शनच्या फलाटाची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे नेली तर ते फार तर पत्र पुढे पाठवतील, कारण रेल्वे कायदाही केंद्राचा आणि राबवणारी यंत्रणाही केंद्राची, म्हणजे मध्य रेल्वेचा पुणे विभाग.

रस्ता कोणाचा हे दगड पाहून ओळखा

रस्त्यांच्या बाबतीत सूचीपेक्षा कडेचा किलोमीटरचा दगड जास्त कामाचा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्हा मार्ग, केशरी असेल तर गावाकडचा रस्ता. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असतो किंवा सार्वजनिक बांधकामच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीकडे, शहरातले रस्ते नगरपरिषदेकडे किंवा महापालिकेकडे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर कडेला फलक असतो. त्यावर ठेकेदार, रक्कम आणि पाच वर्षांच्या देखभालीची मुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत खड्डा पडला तर तो ठेकेदारानंच भरायचा, त्यासाठी नवा निधी मागायची गरज नाही.

अर्जात "गावाजवळ मोठा खड्डा आहे" असं लिहू नये. रस्त्याचं नाव आणि क्रमांक, जवळच्या दगडावरचा किलोमीटर, आणि त्यापुढे अंदाजे किती मीटर हे लिहावं. बांधकाम खातं याला साखळी क्रमांक म्हणतं आणि त्यांची अंदाजपत्रकं याच आकड्यांवर चालतात. साताऱ्यातून कराडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४८ चा सेवारस्ता आणि त्याची गटारंसुद्धा महामार्गाचाच भाग आहेत. तिथलं तुंबलेलं पाणी ग्रामपंचायतीनं काढावं असा ठराव केला तरी तिला महामार्गाच्या हद्दीत खोदकाम करता येत नाही. ठराव करायचाच तर प्राधिकरणाच्या प्रकल्प संचालकांना उद्देशून करावा, आणि रस्त्यावर तातडीचा धोका असेल तर १०३३ वर नोंदवावं.

दगड कधी जुना असतो. रस्त्याचा दर्जा वाढलेला असतो किंवा शहरातला तुकडा पालिकेकडे हस्तांतरित झालेला असतो. दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवू लागली तर वाद घालत बसू नका. माहिती अधिकारात एकच ओळ विचारा: अमुक रस्त्याच्या अमुक ते अमुक किलोमीटरच्या देखभालीची जबाबदारी कोणत्या कार्यालयाकडे आहे, त्याच्या आदेशाची प्रत द्यावी.

उसाचं बिल: एका विषयात किती अधिकारी

अधिकारांची वाटणी नीट समजून घ्यायची असेल तर आपल्या भागात ऊस घ्यावा. एका खेपेमागे केंद्र, राज्य, जिल्हा आणि न्यायालय असे सगळे उभे असतात.

दर केंद्र ठरवतं. जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ खाली काढलेल्या ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार दर हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, जाहीर होते. २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये. त्यापुढे उताऱ्यात दर ०.१ टक्का वाढीला क्विंटलमागे ३.४६ रुपये वाढतात. यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन हातात पडते ती रक्कम कमी असते, म्हणून तक्रार करण्याआधी कारखान्याचा उतारा आणि त्यानं कापलेला तोडणी-वाहतूक खर्च हे दोन आकडे मिळवावेत. त्याशिवाय "एफआरपी दिली नाही" हे सिद्ध करता येत नाही.

त्याच आदेशाच्या खंड ३ मध्ये आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या प्रत्येक उत्पादकाला तोंडपाठ हव्यात: ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे, आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज. व्याज मागावं लागतं. अर्जात मुद्दल आणि व्याज वेगवेगळं लिहा.

वसुली राज्य करतं. पहिला अर्ज प्रादेशिक सहसंचालक (साखर) यांच्याकडे. साताऱ्याचा पुण्याला, सांगलीचा कोल्हापूरला. तिथून विषय पुण्याच्या साखर आयुक्तांकडे जातो. आयुक्त सुनावणी घेऊन महसुली वसुलीचा दाखला काढतात, ज्याला सगळे आरआरसी म्हणतात. मग जिल्हाधिकारी ती थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करतात: साखरसाठा जप्त, मालमत्तेवर बोजा, लिलाव. म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीसमोर आंदोलन करण्याआधी आरआरसी निघाली आहे का हे पाहावं. ती निघाली नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात वसुलीचा अधिकारच आलेला नाही आणि पाठपुरावा पुण्यात करायला हवा. निघाली असूनही कारवाई होत नसेल तर मात्र जबाबदारी सरळ जिल्ह्याची आहे, आणि मग अर्जात आरआरसीचा क्रमांक आणि तारीख घालून विचारावं.

वजनकाट्याची तक्रार वेगळ्या दाराची. वजनमापांचं प्रमाण ठरवणं केंद्राकडे, तपासणी राज्याच्या वैधमापन विभागाकडे. साखर आयुक्तांना दिलेला काटामारीचा अर्ज शेवटी तिथंच जातो.

याच विषयानं सीमाही स्पष्ट केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्यानं शासन निर्णय काढून एफआरपी दोन टप्प्यांत द्यायला मुभा दिली. मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये तो शासन निर्णय रद्द केला. एकरकमी आणि १४ दिवसांची अट केंद्राच्या आदेशात असताना राज्याला नुसत्या शासन निर्णयानं ती सैल करता येत नाही. कागदांची उतरंड इथं लक्षात ठेवावी: घटना सर्वात वर, मग कायदा, मग कायद्याखालचे नियम आणि आदेश, मग शासन निर्णय, मग परिपत्रक. खालचा कागद वरच्याला छेद देत असेल तर खालचा पडतो. कोणी परिपत्रक दाखवून काम नाकारलं तर ते कोणत्या कलमाखाली काढलं आहे हे लेखी विचारा. प्रश्न सौम्य आहे, पण नेमका आहे.

कृष्णेचं पाणी आणि पूर

महाबळेश्वरात उगम पावून वाई, कराड, सांगली करत कृष्णा कर्नाटकात जाते, म्हणून ती आंतरराज्य नदी. राज्याच्या आतलं वाटप, म्हणजे टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) कधी आणि किती, हे जलसंपदा विभागाचं काम. त्याची मागणी हंगाम सुरू होण्याआधी कालवा सल्लागार समितीच्या बैठकीपर्यंत पोचली पाहिजे. पाळी सुरू झाल्यावर दिलेल्या अर्जाचा फार उपयोग होत नाही, कारण कार्यक्रम ठरून गेलेला असतो.

दोन राज्यांमधला वाटा ठरवणं वेगळं. अनुच्छेद २६२ आणि १९५६ च्या आंतरराज्य नदी पाणी तंटा कायद्यानुसार ते काम लवादाचं, आणि अशा तंट्यात इतर न्यायालयांना दार बंद. कृष्णेसाठी आधी बच्छावत लवाद झाला, नंतर २००४ साली न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार लवाद नेमला गेला. दुसऱ्या लवादानं २०१० मध्ये कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला परवानगी दिली, पण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निवाड्याच्या राजपत्रातल्या प्रसिद्धीला अटकाव केला. प्रसिद्धीशिवाय निवाडा लागू होत नाही. २०१९ चा महापूर अंगावर घेतलेल्या गावांना अलमट्टीबद्दल बोलायचा पूर्ण हक्क आहे. पण ते निवेदन जलसंपदा विभागाच्या नावे असावं, कारण लवादापुढे आणि केंद्रापुढे पक्षकार महाराष्ट्र राज्य आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे मागायचं ते इशारे, स्थलांतर, छावण्या, पंचनामे. दोन्ही मागण्या एका कागदात घालू नयेत. एकत्र घातल्या की एकाचंही उत्तर येत नाही.

बँक आणि पतसंस्था

सहकार राज्यसूचीत, बँका संघसूचीत. त्यामुळे सहकारी बँकेवर दोघांचाही हात असतो: ठेवी, व्यवहारांवरचे निर्बंध, परवाना हे रिझर्व्ह बँकेचं, संस्थेची नोंदणी, सभासदत्व, निवडणूक हे राज्याच्या सहकार यंत्रणेचं. पतसंस्था मात्र बँक नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली येते आणि तिची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करायची; कलम ८३ ची चौकशी आणि कलम ८८ ची जबाबदारी निश्चिती मागायची. ठेव विम्याचं पाच लाखांचं संरक्षण सहकारी बँकेतल्या ठेवीला आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. पैसे ठेवण्याआधी पावतीवर 'बँक' आहे की 'पतसंस्था' हे वाचावं.

ग्रामसभा, पालिका, जिल्हा परिषद

स्थानिक संस्थांना घटनेत जागा मिळाली ती त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनं. पहिली २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, दुसरी १ जून १९९३ पासून. अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे २९ विषय आहेत, बाराव्या अनुसूचीत पालिकांचे १८. पण ही यादी दाखवून ग्रामपंचायतीकडे थेट अधिकार मागता येत नाही. अनुच्छेद २४३छ म्हणतो की राज्य विधिमंडळ कायद्यानं हे अधिकार देऊ शकेल. "देऊ शकेल" यातच सगळं आलं: गावाला प्रत्यक्षात किती अधिकार आहे ते १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात आणि शासन निर्णयांत पाहावं लागतं. आमच्या मते घटनेतली ही जागा दुबळी राहिली आहे. विषय गावाचा म्हणायचा आणि किल्ली मुंबईत ठेवायची.

आपल्या मातीत याहून धीट प्रयोग झाला आहे. औंध संस्थानानं १९३९ साली स्वराज्याची घटना स्वीकारली. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी आपले अधिकार लोकांच्या हाती दिले आणि कारभाराचा पाया गावपंचायत ठरवला. आज सांगली जिल्ह्यात असलेला आटपाडीचा भाग तेव्हा औंधातच होता. शाळांतून हा इतिहास शिकवला गेला पाहिजे.

जो अधिकार आहे तो तरी नीट वापरावा. ग्रामसभा वर्षातून किमान चार. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तो. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर पुढच्या तहकूब सभेला ती अट राहत नाही, आणि नको ते ठराव नेमके तिथं मंजूर होतात. म्हणून तहकूब सभेला जास्त हजर राहावं. विषय सभेच्या नोटिशीत यावा म्हणून आधीच लेखी द्यावा. ऐनवेळच्या विषयात मोठा खर्च मंजूर होऊ देऊ नये. ठरावात सूचक, अनुमोदक आणि मंजुरी कशी झाली हे त्याच दिवशी इतिवृत्तात लिहून घ्यावं.

शहरात कायदा बदलतो. सातारा आणि कराडच्या नगरपरिषदांना १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू आहे, १९९८ साली झालेल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेला १९४९ चा महापालिका अधिनियम. त्यामुळे साताऱ्यात मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहिलेला मसुदा सांगलीत जसाच्या तसा चालत नाही. तिथं आयुक्त, आणि कलमंही वेगळी. निवडणूक लांबून प्रशासक असेल तेव्हा सभागृहाचे अधिकारही त्याच अधिकाऱ्याकडे असतात, म्हणून "सभेत ठराव व्हायचा आहे" हे उत्तर त्या काळात मान्य करू नका.

एकाच खुर्चीतले दोन अधिकार

अनुच्छेद ५० सांगतो की न्यायपालिका प्रशासनापासून वेगळी ठेवावी. तरीही तहसीलदार आणि प्रांत (उपविभागीय अधिकारी) निवाडे देताना दिसतात, कारण काही कायद्यांनी त्यांना न्यायालयासारखं काम दिलं आहे. आपला विषय त्यांच्या कोणत्या अधिकाराखाली येतो हे ओळखलं नाही तर पुढची सगळी वाट चुकते.

शेतरस्त्याचं उदाहरण घ्या. वहिवाटीचा जुना रस्ता कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा. बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३. दोन्ही तहसीलदारांपुढेच चालतात, पण एकात रस्ता आधी होता हे सिद्ध करायचं असतं आणि दुसऱ्यात दुसरी वाट नाही हे. अर्जात दोन्ही कलमं एकदम टाकली की समोरचा वकील म्हणतो, रस्ता होता की नव्हता ते आधी ठरवा. आणि तिथंच प्रकरण अडतं. पुढची वाटही वेगळी: मामलेदार कायद्यात अपील नाही, फेरतपासणी आहे, कलम १४३ च्या निर्णयाविरुद्ध एक वर्षात दिवाणी दावा करता येतो.

सातबाऱ्याचंही तसंच. फेरफाराच्या नोटिशीवर १५ दिवसांत हरकत घ्यावी. मग नोंद तक्रारी रजिस्टरला जाते आणि सुनावणी होते. नोंद मंजूर झाली तर प्रांतांकडे ६० दिवसांत अपील. पण या सगळ्या वाटेवर मालकी ठरत नाही. कलम १५७ प्रमाणे नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, एवढंच. मालकीचा खरा वाद दिवाणी न्यायालयाचा, आणि भावकीतली प्रकरणं मंत्रालयापर्यंत फिरूनही सुटत नाहीत ती यामुळेच.

निर्णय न्यायिक स्वरूपाचा असेल तर आमदार, पालकमंत्री यांच्या शिफारसपत्राचा उपयोग नाही. उलट त्या पत्राच्या दबावाखाली निर्णय झाला असं दिसलं तर अपिलात तो रद्द होऊ शकतो. आमदारांचं काम कायदा करणं, अर्थसंकल्प मंजूर करणं आणि सरकारला प्रश्न विचारणं. रस्ता मंजूर होत नाही, दवाखान्यात पदं रिकामी आहेत, अशा धोरणाच्या आणि निधीच्या गोष्टी घेऊन त्यांच्याकडे जावं आणि तारांकित प्रश्न विचारायला सांगावं. प्रश्नाला सभागृहात दिलेलं उत्तर छापील नोंद बनतं, ते पुढे पुरावा म्हणून वापरता येतं.

अर्ज देताना आणि वर जाताना

अर्ज बारनिशीत, म्हणजे कार्यालयाच्या आवक-जावक शाखेत, द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यावा. साहेबांच्या हातात दिलेल्या अर्जाची नोंद होतेच असं नाही. दप्तर दिरंगाईचा २००५ चा कायदा सांगतो की फाइल एका टेबलावर साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये, आणि दुसऱ्या विभागाकडे जायची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय व्हावा. स्मरणपत्रात ही मुदत लिहावी.

माहिती अधिकाराचा अर्ज राज्याच्या कार्यालयाला असेल तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. "का केलं नाही" असं विचारू नये, कागद मागावा. उत्तराची मुदत ३० दिवस, मग ३० दिवसांत २० रुपये भरून पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं. चुकीच्या कार्यालयात गेलात तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी पाच दिवसांत अर्ज योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, आणि ती हस्तांतराची चिठ्ठीच अखत्यार कोणाचा याचा लेखी पुरावा ठरते. शिवाय कलम ४ खाली प्रत्येक कार्यालयानं आपल्या अधिकाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्यं प्रसिद्ध करायची असतात. ती यादी आधी मागून वाचली तर अर्ज नेमका कोणाच्या नावे करायचा हे घरबसल्या ठरतं.

सरकारविरुद्ध दिवाणी दावा करायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस देऊन दोन महिने थांबावं लागतं. तातडीच्या कामात न्यायालयाची परवानगी घेऊन ही अट सुटते. उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करता येते, पण कायद्यात अपील दिलेलं असताना ते न करता गेलात तर बहुधा आधी अपील करा म्हणून परत पाठवतात, आणि तोवर अपिलाची मुदत संपलेली असते. म्हणून आदेश हातात पडला त्याच दिवशी त्यावर प्राप्तीची तारीख टाकून ठेवावी आणि अपिलाचा शेवटचा दिवस मोजावा. अधिकारी कायद्यानं बांधलेलं काम करतच नसेल, किंवा नसलेला अधिकार वापरत असेल, तर रिट ही बरोबर वाट. त्यासाठी आता मुंबईला जावं लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. वकिलांकडे जाताना मूळ अर्जाची पोच, स्मरणपत्रं, माहिती अधिकारातली उत्तरं आणि ज्या कलमानं अधिकाऱ्याला अधिकार मिळाला त्याची प्रत, तारखेच्या क्रमानं लावून न्यावी.